पिवळ्या काड्यांच्या आत

धाकटीच्या सासूबाई चष्म्याच्या दुकानात आल्या त्या अंबाड्यात एक अख्खं रोपटं खोचून.

फूल नव्हे, रोपटं. वर पांढऱ्या फुलांचा पेड, खाली पानं आणि पानांखाली चिखलाने माखलेली मुळंसुद्धा. चिखलाचा एक ओघळ मानेवरून खाली उतरला होता, पण सासूबाईंना त्याचं काही नव्हतं. त्या काउंटरपाशी स्टुलावर टेकल्या, चष्मा काढून पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तुझ्या या चष्म्याने माझं नाक धरलंय. पोलिसानेसुद्धा एवढं घट्ट धरलं नसतं. बघ जरा."

ताईने चष्मा उजेडात धरला. दुकान काही तिचं नव्हतं, पण मालक कधीमधी उगवणारे, त्यामुळे बाजाराच्या लेखी ते तिचंच. भिंगं घासायची, फ्रेममध्ये बसवायची, नाकावरच्या गाद्या बदलायच्या, वाकड्या झालेल्या दांड्या गरम करून कानाच्या मापाने वळवायच्या, हे सगळं तिच्याच हातचं. आणि तिच्याहून दहा पावसाळे जास्त पाहिलेले लोकही तिला ताईच म्हणायचे.

धाकटी दारातच छत्री झटकत उभी होती. "ताई, त्यांना काही बोलू नकोस हं. मी वाटेत सांगून थकले. अख्ख्या बसमधले लोक बघत होते."

"बघू देत की," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही दोघी बहिणी सांगता, लाखमोलाचं फूल आहे, त्याला हात लावू नका. लाखमोलाचं असेल तर ते डोक्यावर नको? पायाखाली ठेवायचं?"

"हात लावू नका म्हटलं होतं, मावशी," ताई म्हणाली. "तुम्ही तर मुळासकट उपटलंत."

"मी देठ ओढला. ते मुळासकट आलं. लोण्यातून सुरी निघावी तसं. त्यात माझा काय दोष?"

ताईला हसू आलं आणि राग पण आला. या रस्त्याकडेच्या ऑर्किडांसाठी तिने काय काय ऐकून घेतलं होतं ते तिचं तिलाच ठाऊक. ऑर्किड म्हटलं की लोकांना हॉटेलातल्या काचेच्या कुंड्या आठवतात. वीतभर उंचीचं, गवतात गवतासारखं उभं राहणारं, फूल जेमतेम मुगाच्या दाण्याएवढं, असलंही ऑर्किड असतं हे सांगायला गेलं की समोरचा माणूस घड्याळ बघतो. तिलाही कुठे माहीत होतं? एकदा वरच्या रस्त्यावर, धाकटीच्या घरावरच्या मोठ्या वळणावर, बस बंद पडली. बाकीचे ड्रायव्हरला शिव्या देत बसले, ही रस्त्याच्या कडेला गवतात बसली. पर्समध्ये दुकानातलं भिंग होतं. वेळ जाईना म्हणून समोरचं एक फूल भिंगाखाली धरलं, आणि मग बस दुरुस्त होऊन निघून गेली तरी ही तिथेच. तेव्हापासून लागलेलं वेड. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे चुकायला मोकळं रान होतं. रद्दीतली पुस्तकं, भिंग आणि गुडघे, एवढ्या भांडवलावर तिने त्या रस्त्याच्या दोन्ही कडा ओळखीच्या करून घेतल्या. ज्यांची नावं सापडली नाहीत त्यांची बारशी स्वतःच केली.

सासूबाईंच्या अंबाड्यातली ती वेणी. फुलं देठाभोवती पेड घातल्यासारखी गोल गोल चढतात, म्हणून वेणी. तिच्या दोन बहिणी. एक कोरड्या उतारावर राहणारी, एक पाण्यात पाय सोडून बसणारी. फुलावरून दोघींना वेगळं सांगायचं म्हटलं तर भिंगही हात टेकतं. फरक पायाशी आहे. कोरडीची पानं जमिनीला चिकटून, गोल, आणि फुलाच्या देठाशेजारी वेगळी मांडलेली. ओलीची पानं अरुंद, उभी, त्याच देठाला खालून धरून असलेली.

गेल्या वर्षी धाकटीच्या घरामागच्या उतारावर वेण्या फुलल्या, तेव्हा ताईने वर रस्त्याच्या कठड्यावरून वाकून पाहिलं होतं. उतार म्हणजे रस्त्यासाठी घातलेला मातीचा भराव, दाट गवत माजलेलं, खाली उतरायला नीट जागा नाही. पांढरे पेड तेवढे गवतातून वर दिसत होते. "कोरडी वेणी," तिने वरूनच जाहीर करून टाकलं होतं. भरावावर दुसरं काय असणार? तिच्या मेव्हण्याने, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याने, मेव्हणीच्या शब्दाला मान देऊन खाली छोटं कुंपणही ठोकून दिलं. सुतार माणूस. त्याला ठोकायला निमित्तच लागतं.

"आणा इकडे ते," ताई म्हणाली. तिने रोपटं अंबाड्यातून अलगद सोडवलं, भिंगं पुसायच्या फडक्याने मुळांवरचा चिखल पुसला आणि तिचा हात तिथेच थांबला.

पानं अरुंद होती. उभी होती. देठाला खालून धरून होती.

तिने भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग चिखल नाकाशी नेला. काळा, थंड, खूप दिवस झाकून ठेवलेल्या पाण्याचा वास येणारा चिखल.

"मावशी, हे नक्की कुठलं?"

"माझ्या खोलीच्या मागचं. खिडकीतून हात घातला आणि काढलं. तिथे काय तोटा आहे? रांगच लागलीय."

"काय गं? काय झालं?" धाकटीने विचारलं.

"काही नाही."

लहानपणापासून ताईचं 'काही नाही' धाकटीच्या चांगल्या परिचयाचं होतं. तिने छत्री मिटली. "सरळ बोल."

"ही कोरडी नाही. ओली आहे. हिला बारा महिने पायाखाली झरतं पाणी लागतं, आणि तेही वर्षानुवर्षं, तेव्हा कुठे फूल येतं. भरावात पाणी कुठून आलं?"

"पाऊस पडतोय, ताई."

"पाऊस वरून पडतो. ही खालून पिते."

"माझी भिंतही पिते," सासूबाई म्हणाल्या. "उतारालगतची. रात्री ऐकते ना मी. गटागटा नाही हं. घोट घोट, चवीचवीने."

"त्यांना हल्ली असलंच काहीतरी ऐकू येतं," धाकटी हळूच म्हणाली.

"डोळे गेलेत माझे, कान नाही," सासूबाई हळू न बोलता म्हणाल्या.

ताईने त्यांच्या चष्म्याची गादी बदलली, दांडी सैल केली, दुकानाचं शटर ओढलं आणि भर दुपारी त्यांच्याबरोबर बसमध्ये बसली. धाकटीने विचारलं, दुकान असं बंद? ताई म्हणाली, आज कोणाला काही दिसलं नाही तरी चालेल.

घर भरावाच्या अगदी पायथ्याशी. मधे एक माणूस आडवा जाईल एवढीच जागा. ताईला ते घर पहिल्यापासून आवडलं नव्हतं आणि तिने ते लपवलंही नव्हतं. ऊन येत नाही, स्वयंपाकघर कोंदट, पायऱ्या उंच, वरून गाड्या जातात त्याची भांडी वाजतात. दर भेटीला एक नवी खोड. शेवटी धाकटीने एकदा ऐकवलं होतं, "तू चहा प्यायला येतेस की पंचनामा करायला?" तेव्हापासून ताई जीभ चावून बसायची. पण न बोललेलंही धाकटीला ऐकू जायचंच.

सुतार अंगणात होता. सासूबाईंच्या खोलीचं दार बिजागरीवरून उतरवून त्याने दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं होतं आणि रंधा मारत होता. पायाशी भुशाचे आणि सालींचे ढीग. ताजे वर, जुने खाली दबून काळे पडलेले.

"पुन्हा?" धाकटीने विचारलं.

"लागतंय. चौकटीला घासतंय. लाकूड आहे, फुगणारच पावसात."

"उन्हाळ्यातही घासलं होतंत ना, भावोजी?" ताई म्हणाली.

सुताराने रंधा थांबवला नाही. "उन्हाळ्यातही थोडं लागत होतं."

ताई आडव्या दाराकडे पाहत राहिली. घासून घासून त्याची एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर अरुंद झाली होती. त्याने दार दुरुस्त करून करून तिरकं केलं होतं, आणि तरी ते चौकटीत बसत नव्हतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं तिच्या तोंडावर आलं होतं. तिने ते गिळलं. तो माणूस लाकूड ओळखत होता, म्हणून त्याला लाकूड दिसलं. तिने तरी वेगळं काय केलं होतं?

ती सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीतून वाकली. आता जवळून, खालून, पहिल्यांदाच. वेण्या खरोखरच रांगेत होत्या. भरावावर खिडकीच्या उंचीला, आडव्या, केसांत भांग पाडावा तशी एकच ओळ. त्या ओळीच्या वरचं गवत पिवळसर आणि कडक. खालचं हिरवंगार, लुसलुशीत, खाल्लेलं अंगी लागावं तसं. पाणी भरावात शिरत होतं आणि त्या ओळीवर बाहेर येत होतं. फुलांनी त्याची खूण करून ठेवली होती. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण सहज बोलून जातो. इथे ते मुरून, साठून, आता बाहेर यायची वाट शोधत होतं.

तिची नजर ओळीवरून वर गेली. त्या ओळीच्या बरोब्बर वर, कठड्यापलीकडे, रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला काय आहे ते तिला बघायची गरज नव्हती. तिथे तिने रोवलेल्या पिवळ्या काड्या होत्या.

"मी जरा वर जाऊन येते," ती म्हणाली.

"चहा टाकलाय," धाकटी म्हणाली.

"आलेच."

वळणाला रस्त्याच्या डोंगराकडच्या कडेने चर आहे. डोंगरावरून आलेलं पाणी त्या चरातून वाहत वळणाच्या टोकाशी मोरीत जातं, आणि मोरीतून रस्त्याखालून ओढ्याला. निदान जायचं. त्या चराच्या काठावर ताईला कोळीण सापडली होती, धाकटीच्या लग्नाच्या वर्षी. हिरवट ऑर्किड, पाकळ्या कोळ्याच्या पायांसारख्या बारीक चिरलेल्या, सगळ्या रस्त्यावर दुसरीकडे कुठेच नाही. आणि दर वर्षी रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाची माणसं येऊन फावड्याने चर साफ करून जात. तेव्हा ती मुकादमाला भेटली. भला माणूस. डोक्यावरची टोपी मागे सारून त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, चर काय हौसेने खणतो का आम्ही? पाण्याला वाट लागते."

"एवढ्याशा तुकड्याने काय होतंय, मुकादम? पाणी काय, बाजूने जाईल."

मुकादम हसला होता. मग ठरलं, ती पिवळं फडकं बांधलेल्या काड्या रोवेल आणि काड्यांच्या आत फावडं जाणार नाही. पुढे पुढे माणसांना त्याची सवय झाली. कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. काडी दिसली की फावडं उचलायचं, काडी संपली की टेकवायचं. कोळिणी वाढत गेल्या. ताई दर वर्षी काडी थोडी पुढे सरकवत गेली. हातभर, कधी दोन हात. कोणी हरकत घेतली नाही, आणि हरकत न घेणारी माणसं तिला फार सुज्ञ वाटत आली होती.

आज ती चरापाशी उकिडवी बसली. काड्यांच्या आधी चर होता, काड्यांच्या नंतर चर होता. काड्यांच्या आत चर नव्हताच. माती, पालापाचोळा, शेवाळ, आणि त्यावर ओळीने उभ्या तिच्या कोळिणी, पूर्वी कधीच नव्हत्या इतक्या. डोंगरावरून येणारं पाणी काड्यांपाशी येऊन तळं करून थांबलं होतं. पुढची मोरी कोरडी. तिच्या तोंडाच्या आत कोणीतरी टाकलेला बिस्किटाचा कागद होता, तोसुद्धा न भिजलेला.

मग एवढं पाणी जातं कुठे?

एक सुकलेलं पान तळ्यावर तरंगत होतं. ती बघत राहिली. पान हळूहळू रस्त्याच्या बाजूला सरकलं, डांबराच्या कडेपाशी येऊन जागच्या जागी फिरायला लागलं, आधी सावकाश, मग भरभर, आणि एकदम आत ओढलं गेलं. बुडबुडा आला. मग पुन्हा सगळं शांत. ताईने वाकून पाहिलं. डांबराच्या कडेखाली बांगडीएवढं तोंड होतं. घोट घोट, चवीचवीने.

शेजारून एक ट्रक गेला. तिच्या तळव्यांखाली रस्ता हलला. रस्ते हलतात, पण हे हलणं पोकळ होतं, रिकाम्या डब्यावर थाप मारल्यासारखं.

मुकादम आणि त्याची माणसं पुढच्या वळणावर गवत कापत होती. ताई धावत गेली नाही. धावली तर खरं होईल असं तिला वाटलं. ती झपाझप चालत गेली आणि म्हणाली, "मुकादम, पहार घेऊन जरा माझ्याबरोबर या."

"काय बाई, नवीन पाहुणी फुलली वाटतं?"

"या तर खरं."

त्याने तळं पाहिलं, कोरडी मोरी पाहिली, आणि त्याचं हसू गेलं. रस्ता ओलांडून तो कठड्याकडच्या कडेला गेला, जिथून भराव खाली उतरतो, आणि पहार उचलून मातीत मारली. मारली म्हणण्यात अर्थ नाही. टेकवली, आणि ती गेली. मुठीपर्यंत गेली. लोण्यातून सुरी, असं ताईच्या मनात आलं. मुकादमाने ती बाहेर काढली तेव्हा टोकावरून पाणी गळत होतं.

त्याने नुसतं पिवळ्या काड्यांकडे पाहिलं आणि नंतर पायाकडे.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "मला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं."

"तुम्ही म्हणालाच होतात. मी ऐकलं नाही."

"खाली कोण राहतं?"

"माझी बहीण."

मुकादमाने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग त्याने हाक मारून दोन माणसांना रस्त्याच्या दोन्ही टोकांना गाड्या अडवायला उभं केलं, एकाला ऑफिसला फोन लावायला सांगितलं. "साहेब उद्या येतील म्हणतील. येऊ देत. चर आत्ता मोकळा करतो. पण बाई, नीट ऐका. वरचं तोंड बंद केलं तरी आत गेलेलं पाणी आतच आहे. ते त्याच्या मनाने बाहेर येणार. कधी, ते मला विचारू नका. आज त्या घरात कोणाला झोपू देऊ नका."

फावडी आली. काडीपाशी येऊन माणसं सवयीने थांबली. इतकी वर्षांची शिस्त ती. मुकादमाने सांगूनही पहिला माणूस ताईकडेच बघत राहिला.

ताईने वाकून पहिली काडी उपटली. मग दुसरी. सगळ्या गोळा करून तिने काखेत धरल्या. पिवळी फडकी तिच्याच एका जुन्या ओढणीची होती. "खणा," ती म्हणाली, आणि कोळिणींकडे पाठ करून उभी राहिली. फावड्याचा पहिला आवाज ऐकला आणि खाली निघाली.

चहा निवून गेला होता. धाकटी ओट्याशी भाजी चिरत होती. "हे गं काय काखेत? सरपण आणलंस?"

"सामान बांध. सगळे माझ्याकडे चला. आत्ता."

धाकटीने सुरी खाली ठेवली नाही. "का?"

"भराव पाण्याने भरलाय. तो येणार खाली. मुकादम म्हणाला, आज इथे झोपू नका."

"मुकादम म्हणाला की तू म्हणालीस?" धाकटीने शांतपणे आणखी एक फोड केली. "ताई, तुला हे घर कधीच आवडलं नाही. ऊन नाही म्हणालीस, आम्ही भिंतीत नवी खिडकी पाडली. पायऱ्या उंच म्हणालीस, यांनी लाकडी कठडा लावला. भांडी वाजतात म्हणालीस, मी खाली फडकी अंथरली. आता डोंगरच कोसळतोय म्हणतेस. कशावरून, तर आईंच्या अंबाड्यातल्या फुलाच्या पानांवरून. लांडगा आला रे आला किती वेळा करशील?"

"या वेळी आलाय."

"दर वेळी तू हेच म्हणतेस."

धाकटीचं खोटं नव्हतं. ताईने आजवर या घरावर इतके शब्द खर्च केले होते की खऱ्या कामाला एकही उरला नव्हता. ती चहाच्या कपाकडे बघत उभी राहिली. सायीची सुरकुती पडली होती. बाहेर रंधा चालू होता, खर्र, खर्र.

मग तिने काखेतल्या काड्या ओट्यावर, भाजीशेजारी ठेवल्या.

"चर मी बुजवला," ती म्हणाली.

"कसला चर?"

"वरचा. डोंगराचं पाणी मोरीत नेणारा. या काड्या रोवून मी तिथे फावडं लागू दिलं नाही. तुझं लग्न झालं त्या वर्षापासून. कोळिणींसाठी. दर वर्षी थोडं पुढे, थोडं पुढे. सगळं पाणी रस्त्याखालून तुझ्या घरामागे आलं. घराचं काही वाईट नव्हतं गं. मी उगाच नावं ठेवली. घर चांगलंच होतं."

धाकटीची सुरी थांबली. नवा चष्मा घालून गिऱ्हाईक पहिल्यांदा आरशात बघतं, जरा अनोळखी नजरेने, तसं तिने बहिणीकडे पाहिलं.

"फुलांसाठी," ती म्हणाली.

"हो."

"आम्ही खाली राहतो हे ठाऊक असून."

"ठाऊक होतं. लक्षात नव्हतं."

धाकटी ओरडली असती तर ताईला बरं वाटलं असतं. तिने गॅस बंद केला, चिरलेल्या भाजीवर ताट झाकलं, मग ते ताट उगाच पुन्हा सरळ केलं. ताईकडे न बघता ती आतल्या खोलीत गेली आणि कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

सासूबाई आधीच कनवटीला तपकिरीची डबी खोचून, हातात गाठोडं घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या.

"तुम्ही कधी तयार झालात?" ताईने विचारलं.

"मी कधीपासून तयार आहे. मला कोणी विचारलं?"

राहिला सुतार. त्याने सगळं ऐकलं होतं आणि तरी तो दार पुन्हा चौकटीत चढवत होता. बिजागरीत खिळा बसवत म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी एवढं करून येतो. आता बरोबर बसेल."

"भावोजी, राहू द्या दार."

"ताई, तुम्ही चष्मा अर्धा बसवून सोडता का? दहा वेळा घासलंय. आता नाही अडकणार." त्याने खिळा ठोकला, दार ढकलून बघितलं. अडकलं. नेहमीच्याच जागी. त्याने खांदा लावून ते लोटलं आणि रंध्यासाठी मागे वळला.

धाकटी पिशवी घेऊन बाहेर आली. "अहो, चला."

"वरच्या कोपऱ्यात जरासं राहिलंय."

सासूबाईंना काहीतरी आठवलं. "माझी काठी," म्हणत त्या वळल्या, आत गेल्या, काठी घेऊन बाहेर आल्या, आणि रोजच्या सवयीने दोन्ही हातांनी जोर लावून दार मागे ओढलं. रोज त्यासाठी त्यांना दोनदा दम खावा लागायचा.

दार सहज आलं. इतकं सहज की त्या तोल जाऊन ताईच्या अंगावर आल्या. दार चौकटीवर आपटलं, तिथे थांबलं नाही, आणि कोणी हात न लावता परत उघडायला लागलं. सावकाश, एकसारखं, थेट आतल्या भिंतीला जाऊन टेकेपर्यंत.

सुतार रंधा हातात घेऊन बघत होता. मग तो चौकटीपाशी गेला. वरच्या एका कोपऱ्यात आता अंगठा जाईल एवढी फट होती. दुसऱ्या कोपऱ्यात लाकूड लाकडात रुतलं होतं. त्याने चौकटीवर तळहात ठेवला, लाकडाची नाडी बघावी तसा, आणि थोडा वेळ ठेवूनच उभा राहिला.

"हे मी घासलेलं नाही," तो म्हणाला.

रंधा त्याने दाराशीच खाली ठेवला. जपून, उभा नव्हे, आडवा, पातं जमिनीला टेकणार नाही असा. आयुष्यात पहिल्यांदा अवजार जमिनीवर सोडून तो अंगणात आला. धाकटीच्या हातातली पिशवी घेतली आणि तीही खाली ठेवली.

"सामान राहू दे. वरच्या वाटेने नको. शेजारच्या अंगणातून चला. आई, माझ्या पाठीवर या."

"मला पाय आहेत," सासूबाई म्हणाल्या, पण त्याच्या पाठीवर चढल्या.

शेजारचं अंगण, त्यापुढे फाटक. फाटकापाशी सासूबाईंनी मुलाच्या खांद्यावर टकटक केलं. "थांब."

"आई, आता नको."

"थांब म्हणते ना." त्यांनी मान वळवून घराकडे कान केला. वरून फावड्यांचा आवाज येत नव्हता. मुकादमाने माणसं बाजूला घेतली असावीत. रस्त्यावर गाडी नव्हती. पावसानेही क्षणभर हात आखडला होता. भरावावर वेण्या ओळीने पांढऱ्या दिसत होत्या, आणि वारा नसताना त्या सगळ्या एकाच बाजूला कलल्या होत्या, ओळीच्या ओळ.

"भिंत गप्प झाली," सासूबाई म्हणाल्या. "पीत नाही आता."

तुम्हाला भास होतोय, असं या वेळी कोणी म्हटलं नाही. सुतार चालायला लागला. धाकटीने मागे न बघता हात मागे केला, ताईचं मनगट सापडलं तिथे धरलं, दुखेल इतकं घट्ट, आणि ओढलं.

"चल," ती म्हणाली.